थाप ओळखावी



भाईंदर पूर्वेच्या एका ज्येष्ठ वाचकांचे पत्र या वेळी समोर आहे. त्यांचा महाविद्यालयात जाणारा नातू ज्यूदो शिकतो. परवा त्याने घरातल्या सतरंजीवर आजोबांच्या हाताला एक पेच घातला आणि त्या सडपातळ मुलासमोर आजोबांना जागचे हलता येईना. पहाटे जेसल पार्कच्या खाडीकिनारी फिरताना कुणी हात धरला, तर हा डाव कामी येईल; तेव्हा पंचाहत्तराव्या वर्षी तो शिकावा काय, असे त्यांनी विचारले आहे. पत्राच्या अखेरीस, जाता जाता, आणखी एक वाक्य आहे. पक्षाघात झालेल्या पत्नीला पलंगावरून उठवताना ती कण्हते, यावर काही उपाय आहे काय?

या दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकमेकांशी जोडलेली आहेत. म्हणून आज थोडे पेचांविषयी.

आपल्या मातीतल्या कुस्तीत प्रतिस्पर्ध्याची पाठ जमिनीला लावून त्याला चीत करायचे असते. त्याचा सांधा दुखवून त्याला हार मानायला लावायची नसते. १९५२ साली हेलसिंकीला कांस्यपदक मिळवणारे कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव ज्या फ्रीस्टाइल प्रकारात लढले, त्यातही हात ९० अंशांहून अधिक पिरगळण्यास आज मनाई आहे. ज्यूदोत मात्र हाताच्या पेचाला मान्यता आहे. तोही स्पर्धेत केवळ कोपराच्या सांध्यावर घालता येतो.

या पेचाचे तत्त्व तरफेचे आहे. कोपर दाराच्या बिजागरीसारखे एका मर्यादेपर्यंतच उघडते. मनगट हे तरफेचे दूरचे टोक. मनगट पकडून कोपराजवळ टेकू दिला की थोड्या जोरानेही सांध्यावर मोठा ताण येतो. वाकलेला हात मनगटाकडून पिरगळला, तर तोच ताण खांद्यावर जातो. म्हणूनच सडपातळ नातवाला आजोबा आवरले.

आता पहिल्या प्रश्नाचे उत्तर. हा पेच या वयात शिकू नये. तो घालायला दोन्ही हात, कमरेचा जोर आणि पायांचा पक्का तोल लागतो. झटापटीत तोल जाऊन पडणे हा आपल्या वयात सर्वांत मोठा धोका आहे. हाडे ठिसूळ झाली असतील तर मनगट किंवा खुबा मोडायला एक पडणे पुरते. पेच घालणे सोडून द्यावे, परंतु पकडीतून हात सोडवणे अवश्य शिकावे.

कुणी मनगट धरले तर हात मागे ओढू नये. ओढल्याने पकड घट्ट होते आणि ती अचानक सुटली तर आपणच मागे पडतो. प्रत्येक पकडीत एक फट असते. अंगठा आणि बोटांची टोके जिथे भेटतात, ती जागा. आपल्या मनगटाची अरुंद कड त्या फटीसमोर येईल असा हात वळवावा, कोपर अंगाजवळ ठेवावे, एक पाऊल समोरच्याकडे टाकावे आणि हात कोपरातून वाकवत त्या फटीतून बाहेर काढावा. त्याच वेळी मोठ्याने ओरडावे आणि माणसांच्या दिशेने चालू लागावे. पिशवी किंवा साखळी ओढली जात असेल तर ती जाऊ द्यावी. मग ११२ क्रमांकावर फोन करावा. ही सोडवणूक घरी कुणाबरोबर तरी, अगदी सावकाश, खुर्चीत बसून करून पाहावी. मनगट वा खांदा दुखरा असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे.

दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. हा पेच समजला की एक गोष्ट ध्यानात येते: आपण आजारी माणसाला मनगट धरून उठवतो, तेव्हा नकळत तीच तरफ वापरत असतो. मनगट आपल्या हातात, शरीराचे ओझे दुसऱ्या टोकाला आणि सारा ताण मधल्या कोपरावर व खांद्यावर. पक्षाघातात खांद्याभोवतीचे स्नायू सैल पडले असतील, तर सांधा आधीच खाली सरकलेला असतो. त्या बाजूचा हात ओढणे किंवा काखेत हात घालून उचलणे, दोन्ही टाळावे.

त्याऐवजी त्यांना प्रथम कुशीवर वळवावे, पाय पलंगाखाली सोडावेत आणि एक हात खांद्याच्या फऱ्यामागे, दुसरा कमरेशी ठेवून बसते करावे. उभे करताना त्यांची पावले थोडी मागे घ्यावीत, त्यांना पुढे झुकू द्यावे आणि आधार कमरेला द्यावा. कमरेला बांधायचा रुंद पट्टा त्यासाठी मिळतो. हे सारे फिजिओथेरपिस्टकडून एकदा समक्ष शिकून घ्यावे.

ज्यूदोतली आणखी एक रीत घरी आणण्यासारखी आहे. पेच असह्य झाला की खेळाडू जमिनीवर किंवा प्रतिस्पर्ध्याच्या अंगावर थाप मारतो आणि पेच घालणारा त्याच क्षणी सोडतो. १९५१ साली रिओ दि जानेरोत जपानचे मासाहिको किमुरा यांनी ब्राझीलच्या एलिओ ग्रेसी यांच्या वाकलेल्या हाताला असाच पेच घातला. हात मोडूनही ग्रेसींनी थाप मारली नाही. अखेर त्यांच्या बाजूच्या माणसांनी टॉवेल टाकून लढत थांबवली. तो पेच आज किमुरांच्याच नावाने ओळखला जातो.

आपल्या घरांत असे ग्रेसी पुष्कळ आहेत. आयुष्यभर ‘काही नाही, होईल बरे’ म्हणत आलेली माणसे दुखते असे सांगत नाहीत. पक्षाघाताने कधी बोलणेच हिरावलेले असते. आपल्या वाचकांच्या पत्नीचे कण्हणे हीच त्यांची थाप आहे. कपाळावरची आठी, आखडलेले खांदे, रोखलेला श्वास, याही थापाच. ‘थोडे सोसा’ म्हणण्याऐवजी हात तिथेच थांबवावा, आधाराची जागा बदलावी आणि मग पुढे जावे. दुखणे रोजचे असेल, तर खांदा डॉक्टरांना दाखवावा.

कधी उलटेही घडते. स्मृतिभ्रंश झालेली आई आपलाच हात घट्ट धरते आणि सोडत नाही. ते बहुधा भीतीपोटी असते. तिची बोटे उचकटू नयेत, मनगट पिरगळू नये. तिच्या हाताच्या पाठीवरून हलकेच हात फिरवावा, नावाने बोलावे, तिच्या दुसऱ्या हातात मऊ रुमाल द्यावा. पकड सैल झाली की अंगठ्याकडच्या त्याच फटीतून आपला हात अलगद काढावा.

आणि ज्येष्ठांनो, हा हात घरातलेच कुणी रागाने पिरगळत असेल, तर ते सोसण्याचे कारण नाही. १४५६७ ही ज्येष्ठ नागरिकांसाठीची मोफत हेल्पलाइन आहे. तिथे फोन करणे हीदेखील थापच आहे.

पत्रलेखक आजोबांना इतकेच सांगावेसे वाटते: नातवाकडून पेच शिकू नका, थाप ऐकताच सोडून देण्याची त्याची सवय तेवढी शिका. उद्या सकाळी पलंगापाशी तिचाच उपयोग होईल.