निर्दोषत्वाचा पुरावा पोलिसांच्याच दप्तरात होता

वेल्समधील कार्डिफ बंदरालगतच्या ब्यूट स्ट्रीटवर ६ मार्च १९५२ रोजी लिली व्होल्पर्ट या दुकानदार स्त्रीचा गळा चिरून खून झाला आणि सहा महिन्यांच्या आत, ३ सप्टेंबरला, त्या खुनासाठी महमूद हुसेन मत्तान या सोमाली खलाशाला फाशी देण्यात आली. ओळखपरेडीत, म्हणजे संशयिताला इतरांसोबत रांगेत उभे करून साक्षीदारांकडून ओळख पटवण्याच्या तपासणीत, चार साक्षीदारांनी मत्तान यांना ओळखले नव्हते. ज्याच्या साक्षीवर सारा खटला उभा होता, त्याचा आरंभीचा जबाब दुसऱ्याच सोमाली माणसाकडे निर्देश करणारा होता. आणि यांतले काहीही बचाव पक्षाला कळू दिले गेले नाही. उलट, ज्याने त्यांचा बचाव करायचा त्या वकिलानेच ज्युरीसमोर, म्हणजे निकाल देणाऱ्या नागरिकांच्या मंडळासमोर, त्यांना अर्धवट रानटी ठरवले. हा केवळ तपासातला ढिसाळपणा नव्हता. कातडीच्या रंगावरून माणसाला आधीच गुन्हेगार ठरवणाऱ्या व्यवस्थेचे ते क्रौर्य होते.

पती गेल्याची बातमी पत्नी लॉरा यांना तुरुंगाच्या दारावरील सूचनेतून कळली. तीन मुलगे वाढवत असतानाही त्यांनी पतीचे नाव निष्कलंक करण्याचा ध्यास सोडला नाही. १९६९ मध्ये त्याच मुख्य साक्षीदाराला स्वतःच्या मुलीच्या खुनाच्या प्रयत्नाबद्दल शिक्षा झाली, तरीही गृहमंत्री जेम्स कॅलाहन यांनी प्रकरण पुन्हा उघडण्यास नकार दिला. शेवटी सदोष शिक्षांची छाननी करणारा स्वतंत्र आयोग ब्रिटनमध्ये स्थापन झाला, त्याने सर्वप्रथम हेच प्रकरण अपील न्यायालयाकडे पाठवले आणि २४ फेब्रुवारी १९९८ रोजी दोषसिद्धी रद्द झाली. पोलिसांची माफी २०२२ मध्ये आली; लॉरा तोवर हयात नव्हत्या. याला उशिरा का होईना मिळालेला न्याय म्हणून गौरवणे अयोग्य आहे, कारण पोलिसांनी दडवलेले कागद बाहेर काढण्यासाठी एका विधवेला शेहेचाळीस वर्षे झगडावे लागले.

भारतात फाशीची शिक्षा आजही कायम आहे, पण असा आयोग नाही. अभियोग पक्षाने न वापरलेल्या कागदपत्रांची यादी आरोपीला द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितले. तथापि केवळ यादी पुरेशी नाही. पोलिसांनी नोंदवलेला प्रत्येक जबाब आणि ओळखपरेडीचा प्रत्येक निष्कर्ष, मग तो खटल्याला प्रतिकूल असला तरी, सुनावणीपूर्वी आरोपीच्या हाती दिला गेला पाहिजे, आणि दोषसिद्धीनंतरही तपासाचे मूळ दप्तर मागवण्याचा अधिकार असलेला स्वतंत्र आयोग संसदेने कायद्याने स्थापन केला पाहिजे.