चोकच्या केबलला मोकळीक द्या

वऱ्हाडात चोक आठवतो तो हिवाळ्यातल्या पहाटे. अकोल्याचा पारा ४५ अंशांवर गेला की त्याची गरजच उरत नाही. त्यामुळे जुन्या मोटारसायकलची चोक-केबल वर्षातला बराच काळ पडून गंजते आणि बदलावी लागते. नवी केबल टाकल्यावर गाडी काळा धूर ओकू लागली, तर आधी कार्ब्युरेटरला दोष देऊ नका. केबल ताणून बसली, तर चोक बंद करूनही आतला दट्ट्या पूर्ण खाली बसत नाही आणि पेट्रोल जास्त जाते. खटक्याला थोडी मोकळीक ठेवा, हँडल दोन्हीकडे वळवून केबल ताणली जात नाही ना, ते पाहा. २०२०च्या बीएस-६ नियमांनंतर नव्या गाड्यांतून कार्ब्युरेटर जवळपास गेला. पण अमरावतीच्या बाजारात शेतकऱ्याला वेळेवर पोहोचवणारी जुनी गाडी एवढ्या काळजीची नक्कीच हक्कदार आहे.