मोलाचा हिशोब

"भाभी, हिला आर्ट्सला टाकावं म्हणतो. पहिल्याच चाचणीत केमिस्ट्रीत पंचवीसपैकी चार गुण. ते मोल की काय, हिच्या डोक्यात शिरतच नाही."

शेजारचे भाई हे सांगत होते तेव्हा त्यांची मुलगी दाराशी मान खाली घालून उभी होती. दहावीला विज्ञानात तिला चांगले गुण होते. आम्ही म्हणालो, "वही घेऊन ये बघू."

वहीत मोलची व्याख्या सुंदर अक्षरात लिहिलेली होती, पाठही होती. उदाहरणांत मात्र कुठे गुणाकार, कुठे भागाकार, सगळा अंदाजपंचे कारभार. "खाला, कधी गुणायचं नि कधी भागायचं तेच कळत नाही," ती म्हणाली. दुखणे एवढेच होते.

आम्ही विचारले, "एक डझन अंड्यांचं वजन ६०० ग्रॅम धर. टोपलीत ३ किलो अंडी आहेत. किती डझन?"

"पाच."

"अंडी किती?"

"साठ."

"मग भागलंस कुठे नि गुणलंस कुठे?"

ती जरा थांबली. "वजनावरून डझन काढताना भागलं. डझनावरून अंडी काढताना गुणलं."

मोलचा हिशोब याहून वेगळा नाही. डझन म्हणजे १२ नग, तसा मोल म्हणजे ६.०२२ गुणिले १०चा २३वा घात इतके कण. अणू-रेणू इतके बारीक की एकेक मोजता येत नाहीत, म्हणून वजनावरून मोजायचे. पाण्याच्या एका मोलचे वजन १८ ग्रॅम, मिठाच्या ५८.५ ग्रॅम, साखरेच्या ३४२ ग्रॅम. ९० ग्रॅम पाणी दिले असेल तर ९० भागिले १८, म्हणजे ५ मोल. रेणू हवे असतील तर ५ गुणिले तो मोठा आकडा, म्हणजे ३.०११ गुणिले १०चा २४वा घात. ग्रॅमकडून कणांकडे जाताना मध्ये मोलच्या नाक्यावर थांबावेच लागते. परत येतानाही तेच.

मुले आणखी दोन ठिकाणी घसरतात. पहिले, अणू विचारलेत की रेणू, हे न वाचणे. ऑक्सिजन वायूच्या एका रेणूत दोन अणू असतात, म्हणून त्याचा मोल ३२ ग्रॅमचा, १६चा नव्हे. ८ ग्रॅम ऑक्सिजन वायू म्हणजे पाव मोल. त्यात जितके रेणू, त्याच्या दुप्पट अणू. दुसरे, आलेले उत्तर न तपासणे. चमचाभर, म्हणजे ५ ग्रॅम साखरेचे मोल काढताना आमच्या या मुलीने आधी गुणाकार करून १७१० मोल लिहिले होते. आम्ही म्हणालो, "इतक्या साखरेचं वजन काढ." आले जवळजवळ ५८५ किलो! "खाला, ही तर बारा पोती झाली," म्हणून ती स्वतःच हसली. मग भागाकार केला. उत्तर आले सुमारे ०.०१५ मोल.

भाषेचाही अडसर असतो. आपल्या कितीतरी घरांत एक मूल मराठी शाळेतले, दुसरे उर्दू शाळेतले. एकाचे अणू-रेणू, दुसऱ्याचे जौहर-सालमा, आणि अकरावीत दोघांसमोर अचानक अ‍ॅटम-मॉलिक्यूल. वहीच्या पहिल्या पानावर तिन्ही भाषांतले शब्द शेजारी शेजारी लिहून ठेवावेत. ओळखीची गोष्ट नव्या नावाने आली की हुशार मूलही बिचकते.

सरावाचे म्हणाल तर रविवारी एकदम पंचवीस उदाहरणे करण्यापेक्षा रोज पाच बरी. प्रत्येक आकड्यापुढे ग्रॅम, मोल की रेणू ते लिहायचेच. नुसता आकडा लिहिला की चूक लपते. एकक लिहिले की ती डोळ्यांसमोर येते. अम्मी-अब्बांना केमिस्ट्री येत नसली तरी बिघडत नाही. शेजारी बसून तीनच प्रश्न विचारा: दिलंय काय? विचारलंय काय? मध्ये मोल किती आले? मुलाला ही तीन उत्तरे तोंडी देता आली, तर उरतो तो साधा गुणाकार-भागाकार.

पुढच्या चाचणीत त्या मुलीला पंचवीसपैकी चौदा मिळाले. फार मोठे यश नाही, पण वही उघडताना आता तिचा हात थरथरत नाही. आर्ट्सची गोष्ट भाईंनीही पुन्हा काढली नाही.

आर्ट्सला जाणे कमीपणाचे मुळीच नाही. ज्याला इतिहास, भाषा आवडतात त्याने आनंदाने जावे. पण एका धड्याला घाबरून मुलाने वाट बदलू नये, आणि आपणही ती घाईने बदलायला लावू नये. आधी वही मागून घ्या, आणि मूल नेमके कुठे अडले आहे ते त्याच्याच तोंडून ऐका.