गहुंजेची थकबाकी

पुण्याला आयपीएलचा संघ दोनदा मिळाला आणि दोनदा गेला. दोन्ही वेळा देणेघेणे झाले ते क्रिकेट नियामक मंडळ आणि संघमालक यांच्यात. ज्या शहराच्या नावावर व्यवहार झाला त्या शहराला आणि ज्या महाराष्ट्र क्रिकेट संघटनेने पुण्याजवळ गहुंजेला मैदान उभारले तिला या हिशेबात कुणी धरले नाही. आयपीएलचा विस्तार पुन्हा केव्हातरी होईल. निविदा निघाल्यावर तक्रार करून उपयोग नसतो, म्हणून हे आताच बोलले पाहिजे.

मार्च २०१० मध्ये दोन नवे संघ विक्रीला निघाले. सहारा समूहाने पुण्यासाठी ३७ कोटी डॉलरची बोली लावली, कोचीसाठी ३३ कोटी डॉलरहून थोडी अधिक बोली आली. दोन वर्षांपूर्वी पहिले आठ संघ मिळून सुमारे ७२ कोटी डॉलरला गेले होते. जवळजवळ तेवढीच रक्कम आता दोनच संघ देणार होते. दहा संघ झाले की ९४ सामने होतील, असे धरून सहाराने ही बोली लावली होती. प्रत्यक्षात सामने ७४ ठरले. सामने घटले तसे उत्पन्नही घटणार, म्हणून सहाराने शुल्कात सूट मागितली, मंडळाने ती दिली नाही आणि वाद चिघळला. २०१३ मध्ये मंडळाने बँक हमी वटवली, सहाराने माघार घेतली आणि त्याच वर्षी करार संपुष्टात आला. कोचीचा संघ तर एका हंगामातच बंद झाला होता. त्याच्या मालकांना लवादाने दिलेली ५३८ कोटींहून अधिक भरपाई मुंबई उच्च न्यायालयाने जून २०२५ मध्ये कायम केली. करारावर सही असल्यामुळे मालकांना चौदा वर्षांनी का होईना, दाद मिळाली. पुण्याने कुणाकडे जायचे?

कारण झळ बसली ती गहुंजेला. द्रुतगती मार्गालगतचे हे सुंदर मैदान केवळ आयपीएलसाठी बांधलेले नाही, हे मान्य. पण शहराला स्वतःचा संघ मिळाल्यावर दरवर्षीचे सात-आठ सामने आणि मैदानाला नाव देणारा प्रायोजक यांच्यावर भिस्त ठेवणे स्वाभाविक होते. संघ सहाराचा आणि मैदानावर नावही सहाराचेच! त्या नावाचे पैसे थकले, नाव उतरवावे लागले आणि संघही गेला. एकाच धक्क्यात उत्पन्नाच्या दोन्ही वाटा बंद झाल्या. मैदानासाठी काढलेले कर्ज मात्र तसेच राहिले. जानेवारी २०१८ मध्ये बँक ऑफ महाराष्ट्रच्या नेतृत्वाखालील बँकांनी सुमारे ६९ कोटींच्या थकबाकीपोटी मैदानाचा प्रतीकात्मक ताबा घेतला. २०२० पूर्वी स्थानिक संघटनेला एका सामन्यामागे संघमालकाकडून ३० लाख आणि मंडळाकडून ३० लाख मिळत. सात सामने झाले तर ४ कोटी २० लाख. ही रक्कम ६९ कोटींच्या शेजारी ठेवून पाहावी. संघटनेने कर्ज काढताना दूरदृष्टी दाखवली नाही असे कुणी म्हणेल, आणि त्यात तथ्य आहे. तरीही ही संघटना नाशिक, कोल्हापूर, सोलापूर, रत्नागिरीच्या मुलामुलींचे क्रिकेट चालवते. तिची तिजोरी रिकामी झाली की त्याचा भार त्यांच्याच खेळावर पडतो.

दुसऱ्या वेळचा व्यवहार अधिक बोलका आहे. चेन्नई आणि राजस्थान यांच्यावर दोन वर्षांची बंदी आली, म्हणून डिसेंबर २०१५ मध्ये तेवढ्याच मुदतीसाठी दोन संघ विकले गेले. मंडळाच्या मध्यवर्ती उत्पन्नातून संघाला वर्षाला ४० कोटी देण्याची तयारी होती आणि जो सर्वांत कमी मागेल त्याला संघ मिळणार होता. संजीव गोयंका यांच्या समूहाने तो हिस्सा पूर्ण सोडला आणि उलट वर्षाला १६ कोटी मंडळाला देऊ केले. पुण्याचे नाव त्यांना त्या दराने मिळाले. पहिल्या वर्षी महाराष्ट्र दुष्काळाने होरपळत होता, लातूरला रेल्वेने पाणी जात होते. एप्रिलनंतरचे सामने राज्याबाहेर नेण्याचा उच्च न्यायालयाचा आदेश योग्यच होता. पुण्याचा संघ घरचे उरलेले सामने विशाखापट्टणमला खेळला. दुसऱ्या वर्षी मात्र लोक खरोखर गुंतले. दहा लाखांच्या मूळ किमतीत घेतलेला महाराष्ट्राचा राहुल त्रिपाठी ३९१ धावा करून गेला आणि विजेतेपद अंतिम सामन्यात मुंबईविरुद्ध अवघ्या एका धावेने हुकले. त्यानंतर संघ विसर्जित झाला.

ऑक्टोबर २०२१ मध्ये आणखी दोन संघ विकले गेले. निविदेत दिलेल्या सहा शहरांत पुणे नव्हते. याच गोयंका समूहाने लखनौचा संघ ७,०९० कोटींना घेतला आणि त्याचे नाव ठेवले सुपर जायंट्स. म्हणजे पुण्यात ज्या नावाने टाळ्या मिळवल्या, ते नावही मालकाबरोबर गंगेच्या मैदानात गेले.

असाच अमेरिकेतल्या सिएटलमधून २००८ मध्ये बास्केटबॉलचा सुपरसॉनिक्स संघ ओक्लाहोमा सिटीला गेला. संघ थांबवणे सिएटलला जमले नाही, पण मैदानाचा भाडेकरार २०१० पर्यंतचा असल्याने शहर न्यायालयात गेले. मालकांनी साडेचार कोटी डॉलर मोजले. संघाचे नाव आणि रंग सिएटलसाठीच राखून ठेवले गेले. ओहायो राज्याने तर क्लीव्हलंडचा फुटबॉल संघ बाल्टिमोरला गेल्यावर १९९६ मध्ये कायदाच केला: करदात्यांच्या पैशाचा आधार घेतलेल्या मैदानावरचा संघ हलवायचा असेल तर सहा महिने आधी सांगा आणि स्थानिक खरेदीदारांना संधी द्या. तिथेही मालक शहरांना वेठीस धरतात, मैदानांसाठी जनतेचा पैसा उकळतात. पण निदान शहराच्या हातात एखादा करार, एखादे कलम असते.

आपल्याकडे शहराचा हात इतका रिता राहण्यामागे अर्थकारण आहे. २०२३ ते २०२७ या पाच वर्षांचे आयपीएलचे प्रक्षेपण हक्क ४८,३९० कोटींना गेले, म्हणजे एका सामन्यामागे ११८ कोटींच्या वर. संघाच्या उत्पन्नाचा मोठा भाग या सामाईक निधीतून येतो, तिकीटखिडकीवरून नाही. मालकाच्या लेखी शहर हे नाव, जर्सी आणि घोषणा एवढ्यापुरते उरते. त्यामुळे शहर बदलण्याची किंमत त्याला फारशी पडत नाही. ती पडेल अशी व्यवस्था करणे हे मंडळाचे काम आहे.

पुढच्या विस्ताराच्या निविदेत तीन अटी असाव्यात. शहराला किमान दहा वर्षांची हमी हवी. संघ मध्येच बंद पडला तर वटवलेल्या बँक हमीतला ठरावीक हिस्सा त्या मैदानाच्या कर्जफेडीसाठी मिळायला हवा. २०१३ मध्ये ती रक्कम मंडळाकडे गेली, गहुंजेकडे नाही. आणि शहराच्या नावाने घडलेले संघाचे नाव व चिन्ह त्या शहराच्या संघटनेकडे राहायला हवे. महाराष्ट्र क्रिकेट संघटना मंडळाची पूर्ण सदस्य आहे आणि सर्वसाधारण सभेत तिला मतदानाचा हक्क आहे. हा ठराव तिने तिथे लेखी मांडावा आणि एकही संघ न मिळालेल्या इंदूर, कटक, गुवाहाटीच्या संघटनांकडे आधी पाठिंबा मागावा.