शब्दांवर रुमाल

एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, प्रोग्रॅमिंगच्या भाषाही तेच करतात. इफ, एल्स, व्हाइल, रिटर्न... यांवर भाषेचा रुमाल, बाकीचे शब्द आपले. व्हेरिएबलला हवं ते नाव द्या! कंपायलरचंही काम सोपं. शब्द यादीत असला तर कीवर्ड, नसला तर आयडेंटिफायर.

इथवर माझी तक्रार नाही. चढतानाच रुमाल दिसला तर आपण दुसरी सीट बघतो. पण गाडी अर्ध्या घाटात असताना कंडक्टर म्हणाला, "उठा, ही सीट आता राखीव झाली," तर?

जावाने नेमकं हेच केलं. इन्युमरेशनवर लूप फिरवायचा तर व्हेरिएबलचं नाव बरेच जण 'एनम' ठेवायचे. 2004 साली जावा 5 आलं, 'एनम' कीवर्ड झाला आणि सुखाने चालणारा कोड नव्या व्हर्जनवर कंपाइलच होईना. पायथॉनने 3.7 मध्ये, म्हणजे 2018 साली, 'असिंक' घेतला. सेलरी या प्रसिद्ध लायब्ररीत त्या नावाचं अख्खं मॉड्यूल होतं. बसा आता नाव बदलत!

यावर जाणकार मंडळी लगेच पीएल/वन काढतात. आयबीएमची साठच्या दशकातली ही भाषा, तिच्यात राखीव शब्दच नाहीत. त्यामुळे 'इफ इफ = देन देन देन = एल्स;' हे तिथे चक्क वैध! कुठला 'देन' व्हेरिएबल आणि कुठला कीवर्ड, ते कंपायलर जागेवरून ओळखतो. बघा, म्हणे, सूट दिली की असा गोंधळ होतो. अहो, पण असा कोड खरंच कोण लिहितं? (कॉलेजच्या पेपरात विचारायला बरा आहे.)

मला विचाराल तर भाषा जन्मताना हवे तेवढे रुमाल टाका. नंतर आलेल्या शब्दाने मात्र ठरावीक जागीच कीवर्ड व्हावं, एरवी साधं नाव राहावं. हे जमतं. पायथॉनच्याच 3.10 मध्ये, 2021 साली, 'मॅच' असा आला. रेग्युलर एक्स्प्रेशनवाले 'रीडॉटमॅच' वर्षानुवर्षं लिहीत होते, त्यांना कोणी उठवलं नाही. आदल्या वर्षी 3.9 मध्ये पार्सरच नवा बसवला होता, म्हणून हे सोपं गेलं. जावानेही 2018 साली 'व्हार' आणताना त्या नावाची जुनी व्हेरिएबल्स चालू ठेवली.

पार्सर लिहिणाऱ्यांचा ताप वाढतो, मान्य. एडिटरमध्ये रंग देणाऱ्यांचाही. पण ते मूठभर, आणि कोड लिहिणारे लाखो.