येणारा पैसा, जाणारा पैसा

परकीय गुंतवणुकीत महाराष्ट्र देशात पहिला, ही घोषणा आता ठरलेल्या वेळी होते आणि ती खोटीही नाही. २०२४-२५ मध्ये देशात आलेल्या परकीय भागभांडवलापैकी सुमारे ३९ टक्के एकट्या या राज्यात आले. पण त्याच वर्षाचा रिझर्व्ह बँकेचा पुढचा हिशेब कोणत्याही फलकावर झळकला नाही. देशात त्या वर्षी एकूण ८१ अब्ज डॉलरची थेट परकीय गुंतवणूक आली. परदेशी गुंतवणूकदारांनी माघारी नेलेले पैसे आणि भारतीय कंपन्यांनी बाहेर गुंतवलेले पैसे वजा केले, तर हातात एक अब्ज डॉलरही उरले नाहीत.

हा पैसा चोरवाटेने जात नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये ह्युंदाईच्या भारतीय कंपनीची २७,८७० कोटी रुपयांची समभागविक्री झाली. ती सगळी रक्कम कोरियातल्या मूळ कंपनीकडे गेली, इथल्या कारखान्यासाठी त्यातला एक रुपयाही नव्हता. रांजणगावात कारखाना असलेल्या एलजीने वर्षभराने तेच केले, रक्कम ११,६०७ कोटी. यात बेकायदा काही नाही. रिझर्व्ह बँकेच्या मते तर हे बाजार परिपक्व झाल्याचे लक्षण आहे. ते मान्य करू. गुंतवणूकदार धर्मादाय करायला येत नाही. प्रश्न एवढाच की, जो पैसा जाण्यासाठीच येतो तो मधल्या काळात इथे काय ठेवून जातो.

दुसरीकडे, परदेशात राबणाऱ्या भारतीयांनी २०२४-२५ मध्ये घरी १३५ अब्ज डॉलर पाठवले. रिझर्व्ह बँकेच्या २०२३-२४ च्या पाहणीनुसार अशा रकमेतला सुमारे एक पंचमांश वाटा महाराष्ट्राचा, म्हणजे देशात सर्वाधिक. रत्नागिरी-रायगडातल्या कित्येक गावांत स्लॅबची घरे, मुलांच्या फिया आणि मुलींची लग्ने आखाती पगारावर झाली. हा पैसा नफा घेऊन माघारी जात नाही. पण तो पाठवणाऱ्याच्या वाटेत अडथळेच अडथळे. अमेरिकेने सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-वन-बी व्हिसाच्या अर्जावर एक लाख डॉलरचे शुल्क लावले. मर्सिडीज श्टुटगार्टहून चाकणला येते तेव्हा जमीन, रस्ता, करसवलत असे सगळे तयार असते. त्याच श्टुटगार्टच्या राज्याशी, बाडेन-वुर्टेमबर्गशी, महाराष्ट्राने फेब्रुवारी २०२४ मध्ये दहा हजार कुशल कामगार पाठवण्याचा करार केला. त्यातून आजवर किती तरुण तिकडे पोहोचले, ते सरकारने एकदा सांगून टाकावे.

भांडवल निघून जाते तेव्हा काय होते, हे तळेगावने पाहिले आहे. जनरल मोटर्सने तिथे २००८ मध्ये कारखाना सुरू केला. २०१७ च्या अखेरीस कंपनीने भारतातील विक्री थांबवली, डिसेंबर २०२० मध्ये तळेगावचे उत्पादन बंद केले. ग्रेट वॉल ही चिनी कंपनी तो घेणार होती. गलवानमधल्या भारत-चीन संघर्षानंतर तो व्यवहार परवानग्यांत अडकला आणि २०२२ मध्ये बारगळला. शेवटी ह्युंदाईने जमीन, इमारती आणि काही यंत्रसामग्री विकत घेतली. व्यवहाराच्या यादीत कामगार नव्हते. ‘आम्हालाही घ्या’ म्हणत ते फाटकाबाहेर आंदोलनाला बसले. यंत्राला नवा मालक मिळाला, ते चालवणाऱ्याला मात्र चाळिशीत नव्याने अर्ज लिहावा लागला.

तरीही तळेगावचा कामगार कायम होता, त्याला संघटना होती. चाकणच्या नव्या पिढीला तेही नाही. ‘कंपनीत लागलो’ असे घरी सांगणारा बीड-परभणीचा आयटीआय झालेला मुलगा बहुतेकदा कंपनीत नसतोच, तो ठेकेदाराकडे असतो. लाइन तीच, काम तेच, ओळखपत्राचा रंग वेगळा. सात महिने भरत आले की ‘ब्रेक’ मिळतो, कारण २४० दिवस भरले तर कायद्याचे हक्क लागू होऊ लागतात. मग महिनाभर गाव आणि पुन्हा दुसऱ्या ठेकेदाराच्या हजेरीवर त्याच लाइनला. महाळुंगे, खराबवाडी, नाणेकरवाडीतल्या दहा बाय दहाच्या खोल्यांत दिवसपाळीवाला उठला की रात्रपाळीहून आलेला त्याच गादीवर आडवा होतो. देशातल्या कारखान्यांत आज ४० टक्क्यांहून अधिक कामगार कंत्राटी आहेत.

यावर ओरड होते ती बिहार-ओडिशाच्या मजुराविरुद्ध. तो सोपा सापडतो. कामगार पुरवण्याचा, भंगाराचा, बसचा आणि टँकरचा ठेका कोणाच्या नावावर आहे, हे मात्र तालुक्यात सगळ्यांना ठाऊक असूनही कोणी बोलत नाही. ‘भूमिपुत्रांना नोकऱ्या द्या’ म्हणून मोर्चा काढणाराच परराज्यातून माणसे आणणारा असू शकतो. सवलत घेणाऱ्या उद्योगांना ८० टक्के स्थानिकांची अट आहेच. ती ठेकेदाराच्या हजेरीपटापर्यंत पोहोचते का, हे तपासण्यात कोणाला रस आहे? नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांनी तर कंत्राटी कामगारांसाठीच्या केंद्रीय कायद्यातल्या तरतुदींची मर्यादा २० वरून ५० माणसांवर नेली. ४९ माणसे पुरवणारा मोकळा. मुख्य उत्पादनात कंत्राटी कामगार नकोत, असेही संहिता म्हणते, पण अपवादांची खिडकी उघडी ठेवून.

जानेवारी २०२५ मध्ये दावोसला महाराष्ट्राने पंधरा लाख कोटींहून अधिक रकमेचे करार केले. आकडे टाळ्यांसाठी ठीक आहेत. पण उद्योगांना वस्तू व सेवा कराचा जो परतावा सरकार देते, तो जनतेच्या पैशातला असतो. त्याचा हिशेब मागण्यात गुंतवणूकविरोधी काही नाही. कोणत्या कंपनीला किती परतावा दिला, तिच्याकडे भविष्यनिर्वाह निधीच्या नोंदीनुसार कायम कामगार किती आणि ठेकेदारांमार्फत किती, अशी कंपनीवार यादी उद्योगमंत्र्यांनी विधिमंडळाच्या पुढच्या अधिवेशनात पटलावर ठेवावी. आणि पुढचा परतावा कायम नोकऱ्यांच्या संख्येवरच द्यावा.