विद्यापीठाच्या सड्यावरचे पाणी जाते कुठे?

गोवा विद्यापीठाकडे ताळगावच्या पठारावर सुमारे ४२७ एकर जमीन आहे. गोव्यात वर्षाला सरासरी १२० इंच, म्हणजे तीन मीटरच्या आसपास पाऊस पडतो. या दोन आकड्यांचा गुणाकार शाळकरी मुलालाही जमेल. उत्तर येते साधारण ५१८ कोटी लिटर. एवढे पाणी दर वर्षी एकट्या विद्यापीठाच्या आवारात पडते. तिसवाडीच्या नळांना मात्र पाणी येते ते फोंडा तालुक्यातील ओपाहून, खांडेपार नदीचे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये खांडेपारजवळ ओपाची जलवाहिनी फुटली, तेव्हा पणजीसह तिसवाडी तालुका कित्येक दिवस टँकरची वाट पाहत बसला होता. ऑगस्ट महिना, बाहेर पाऊस कोसळतो आहे आणि राजधानीत हंडा रिकामा! हे चित्र ज्याला विचित्र वाटत नाही त्याला पर्यावरणाचा कितीही मोठा अभ्यासक्रम शिकवून उपयोग नाही.

ताळगावच्या सड्याशी पेडणे-डिचोलीचा काय संबंध, असे काही वाचक विचारतील. संबंध दुहेरी आहे. आपल्या दोन्ही तालुक्यांतील मुलेमुली पदव्युत्तर शिक्षणासाठी तिथेच जातात, आणि १९८५ साली हे विद्यापीठ सुरू झाले ते उभ्या गोमंतकाच्या पैशावर. दुसरे असे, की ताळगावचा सडा ज्या जांभ्या दगडाचा आहे त्याच दगडाचा मोपाचा सडा आहे आणि डिचोलीतली पठारेही त्याच जातीची आहेत. तिथे जे शिकले जाईल ते इथे उपयोगी पडले पाहिजे. आमची तक्रार आहे ती इथेच.

सध्या 'हरित संकुल' हा शब्द शिक्षणसंस्थांत फार चालतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये पर्यावरणपूरक संकुलांसाठी 'सतत' नावाचा आराखडा काढला. नॅकच्या मूल्यमापनात सौर ऊर्जा, एलईडी दिवे, पावसाचे पाणी साठवणे, प्लास्टिकबंदी, हरित लेखापरीक्षण या सगळ्यांना गुण असतात. त्याआधी १९९१ मध्ये एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण हा विषय शिकवलाच पाहिजे असा आदेश दिला होता. पुढे पदवीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला तो सक्तीचा झाला. पुण्याच्या एराक भरुचा यांनी त्यासाठी पाठ्यपुस्तक लिहिले. पुस्तक चांगले आहे, पण सगळ्या देशासाठी एकच पुस्तक म्हटल्यावर त्यात पेडण्याची झर शोधण्यात अर्थ नाही. ती शोधायची जबाबदारी इथल्या विद्यापीठाची आणि महाविद्यालयांची होती.

गुण मिळवण्यासाठी केलेल्या कामाचे एक लक्षण असते. ते मोजायला सोपे असते. किती रोपे लावली, किती दिवे बदलले, छपरावर किती पत्रे बसवले. ५ जूनला रोप, पाहुणा, फावडे आणि छायाचित्र. त्या रोपाचे पुढच्या मे महिन्यात काय झाले हे कोणी छापत नाही. सौर ऊर्जेला आमचा विरोध नाही. गोव्याची जवळपास सगळी वीज परराज्यातून येते, तेव्हा छपरावर तयार झालेले प्रत्येक युनिट तितका कोळसा वाचवते. पण सड्यावर बसलेल्या संस्थेची खरी परीक्षा विजेत नाही, पाण्यात आहे.

सडा म्हणजे काय, हे आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांना सांगावे लागत नाही. वर कडक चिरा, त्याला असंख्य भेगा आणि छिद्रे. खाली शेडी मातीचा थर. पावसाचे पाणी चिऱ्यातून हळूहळू झिरपते, शेडीवर अडते आणि बाजूला सरकत सरकत पायथ्याशी झर होऊन बाहेर पडते. त्या झरीवर तळी, तळीवर पाट आणि पाटावर वायंगण. सरदीचे भात पावसावर पिकते, वायंगणाचे पीक सड्याच्या पोटातल्या पाण्यावर. आपल्या पूर्वजांनी घरे, मळे आणि देवळे पायथ्याला बांधली आणि सडा गुरांना मोकळा ठेवला, तो अडाणीपणाने नव्हे. गावाची टाकी त्यांनी डोक्यावर उघडी ठेवली होती. ताळगावची वांगी गोवाभर प्रसिद्ध झाली तीही डोंगराच्या पायथ्याच्या शेतांमुळेच. आज त्या शेतांतून किती वांगी निघतात आणि किती इमारती, हे पणजीला जाणाऱ्या कोणीही बसच्या खिडकीतून पाहावे.

म्हणून सड्यावर बांधकाम करताना पहिला प्रश्न असा असला पाहिजे, की किती जागा उघडी राहिली? डांबर, काँक्रीट आणि वाहनतळ यांखाली गेलेला प्रत्येक चौरस मीटर वर्षाला तीन हजार लिटर पाणी गटारात सोडतो. विद्यापीठाच्या मूळ इमारतींचा आराखडा सतीश गुजराल यांचा. कलावंत माणूस होता, त्या इमारती नजरेत भरतात. त्यानंतर मात्र या पठारावर बांधकामांची रांगच लागली. २०१४ च्या लुसोफोनिया स्पर्धांसाठी बांबोळीचे मैदान झाले, ताळगावचे इनडोअर स्टेडियम झाले. एकेक बांधकाम घेतले तर कोणीही त्याचे समर्थन करील. बेरीज मात्र कोणी करत नाही. विद्यापीठाने ती करावी. दर वर्षी ३१ मे रोजी फाटकावर पाटी लावावी: पाऊस किती पडला, जमिनीत किती मुरला, वाहून किती गेला, नळाचे किती वापरले. गणित, भूशास्त्र आणि संगणकशास्त्र शिकवणाऱ्या संस्थेला एवढे अवघड नाही.

दुसरा मुद्दा झाडांचा. सड्यावर झाडे लावली म्हणजे सडा हिरवा झाला, ही समजूत सरकारी आहे. आपल्याकडे रस्त्याकडेला, पठारांवर आणि खाणींच्या मातीच्या ढिगांवर वर्षानुवर्षे ऑस्ट्रेलियन अकेशिया लावला गेला. लवकर वाढतो, गुरे तोंड लावत नाहीत, अहवालात शोभून दिसतो. त्याच्याखाली गवत वाढत नाही हे कोणाही गुराख्याला माहीत होते. सड्याची खरी संपत्ती मृगानंतर उगवते आणि दिवाळीपर्यंत संपते: गवते, तेरडा, कळलावी, किडे खाणारी इवलीशी दवबिंदू, सीतेची आसवे. साताऱ्याजवळचे कासचे पठार याच संपत्तीसाठी २०१२ मध्ये जागतिक वारशात गेले. कासला तिकीट काढून फुले पाहायला जाणारी आपली मंडळी घरामागच्या सड्याला पडीक जमीन म्हणतात! विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात प्रा. जनार्थनम यांच्यासारख्या अभ्यासकांनी याच वनस्पतींवर आयुष्य घालवले. डॉ. नंदकुमार कामत यांनी रोयणीवरची अळमी ओरबाडू नका म्हणून किती वर्षे लिहिले. माधव गाडगीळ यांना याच विद्यापीठाने कोसंबी अध्यासनावर बोलावले होते. म्हणजे विद्यापीठात ज्ञान नाही असे कोणी म्हणू नये. ज्ञान आहे, ते तालुक्यात उतरत नाही, एवढेच.

आणि चवथीची माटोळी? कवंडळ, कांगले, शेरवड, हरणे ही सगळी मंडळी बाजारात विकत घेण्याची वेळ आली आहे. पूर्वी घरातला मुलगा सकाळी कोयती घेऊन सड्यावर आणि राईत जाई आणि दुपारी भारा घेऊन येई. माटोळीला काय बांधायचे हे ज्याला ठाऊक आहे तो निम्मा वनस्पतिशास्त्रज्ञ झालाच. माटोळीतल्या वस्तूंची यादी दर वर्षी आखडत चालली आहे. विद्यापीठाच्या मराठी आणि कोंकणी विभागांनी आपल्या दोन तालुक्यांतल्या म्हाताऱ्या बायकांकडून ही नावे उतरवून घेतली, तर ते भाषेचेही काम होईल आणि पर्यावरणाचेही. नाव गेले की वस्तू गेल्याचे कळतसुद्धा नाही.

आता आपल्या दारातले. मोपाच्या सड्यावर विमानतळ आला. २९ मार्च २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याचा पर्यावरण परवाना स्थगित केला, तो मुख्यतः अर्जात माहिती नीट दिली नव्हती म्हणून. ५४ हजारांहून अधिक झाडांचा प्रश्न त्या प्रकरणात चर्चेला आला. जानेवारी २०२० मध्ये अटींवर स्थगिती उठली आणि डिसेंबर २०२२ मध्ये विमानतळाचे उद्घाटन झाले. विमानतळ हवा की नको हा वाद आता उकरण्यात अर्थ नाही, पेडण्याच्या काही तरुणांना तिथे काम मिळाले आहे आणि काहींना मिळालेले नाही. पण एक गोष्ट त्या खटल्याने शिकवली. सड्यावर काय आहे याचा कागद आधीच गावाकडे असावा लागतो. झरी किती, कोणत्या महिन्यापर्यंत वाहतात, त्यांवर किती शेत भिजते, याची नोंद विद्यापीठाच्या शिक्क्याने पंचायतीत असती, तर अर्ज भरणाऱ्याला ती झाकता आली नसती.

डिचोलीला हे वेगळे सांगायला नको. शिरगावच्या लोकांनी विहिरी आणि तळ्या आटताना पाहिल्या, कारण खाणींचे खड्डे भूजलाच्या पातळीखाली गेले. साखळीची खाण संपल्यावर तिथे झाडी उभी केली गेली, तांत्रिक शाळा आणि फुटबॉल अकादमी आली, ते चांगलेच झाले. पण फुटलेली शेडी पुन्हा सांधता येत नाही. २०२२ च्या डिसेंबरात डिचोली तालुक्यातील खनिज पट्ट्यांचा लिलाव झाला आहे. म्हणजे या वेळी नोंद आधी व्हायला हवी, आटल्यावर नव्हे.

शिक्षणसंस्थेच्या नावाने जमीन मागितली की विरोध करणारा आपोआप अडाणी ठरतो. सत्तरीत शेळ-मेळावलीच्या लोकांवर आयआयटीच्या निमित्ताने तीच वेळ आली. सुमारे १० लाख चौरस मीटर जागेचा प्रश्न होता. जानेवारी २०२१ मध्ये सरकारला तिथून माघार घ्यावी लागली. आयआयटीचे वर्ग २०१६ पासून फर्मागुढीला अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या आवारात भरत आले, आणि गोवा विद्यापीठाकडे १७ लाख चौरस मीटरहून अधिक जमीन आहे. नवीन संकुल हवेच असेल तर आधी जुन्या संकुलांतली मोकळी इमारत, रिकामा मजला, अर्धवट वापरलेली प्रयोगशाळा मोजा. जंगल तोडून वर 'हरित' पाटी लावण्यापेक्षा ते स्वस्त पडेल.

बसचा विषय थोडक्यात. पेडण्याहून किंवा साखळीहून विद्यापीठात स्कूटरने जाणारा विद्यार्थी हौसेने जात नाही. तासाच्या वेळेला धरून कदंबची थेट बस दोन्ही बाजूंनी मिळाली, तर संकुलातली निम्मी वाहने आणि पालकांची निम्मी काळजी कमी होईल. आपल्या दोन्ही तालुक्यांच्या आमदारांनी हे विधानसभेत एकदा तरी मांडावे.

मोठे विद्यापीठ हलायला वेळ लागेल, म्हणून लहानांपासून सुरुवात करावी असे आम्ही सुचवतो. विर्नोड्याचे संत सोहिरोबानाथ आंबिये सरकारी महाविद्यालय आणि साखळीचे सरकारी महाविद्यालय ही दोन्ही आपली. हजार चौरस मीटरच्या छपरावर आपल्याकडे वर्षाला ३० लाख लिटर पाणी पडते. त्यातले काही उडेल, काही सांडेल, तरी उरलेले थोडे नाही. ते कुठे सोडायचे, कोणत्या विहिरीला त्याचा फायदा होईल, हा प्रकल्प विद्यार्थ्यांना द्यावा आणि त्याला गुणही द्यावेत. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक पंचायतीत जैवविविधता समिती आणि लोकांची नोंदवही सक्तीची आहे. ती वही या मुलांनी भरावी, प्राध्यापकांनी तपासावी आणि ग्रामसभेने मंजूर करावी. सल्लागार कंपनीकडून भरून घेतलेली नोंदवही कपाटात राहते.

शेवटी आपल्या लोकांना एक सांगायचे आहे आणि ते कडू लागेल. सड्यावरच्या बऱ्याच जमिनी जुन्या घराण्यांच्या नावावर आहेत, काही देवस्थानांच्या आहेत. दिल्ली-मुंबईचा गिऱ्हाईक आला की 'तिथे नाहीतरी काही पिकत नाही' म्हणून सही होते. वर काही पिकत नाही हे खरे, पिकते ते खाली, भावाच्या आणि शेजाऱ्याच्या मळ्यात. सही करणाऱ्याने निदान त्या मळेवाल्याला आधी विचारावे.

ज्यांच्या गावात झर आहे त्यांनी चार गोष्टी लिहून मंडळाकडे पाठवाव्यात: झरीचे नाव, ती कोणत्या सड्याखाली आहे, पूर्वी कोणत्या महिन्यापर्यंत वाहत असे आणि आता कोणत्या महिन्यात आटते. घरातल्या सर्वात वयस्कर माणसाला विचारूनच लिहावे. आलेल्या नोंदी गावनिहाय लावून आम्ही त्या विद्यापीठाच्या भूशास्त्र आणि वनस्पतिशास्त्र विभागांकडे, तसेच दोन्ही महाविद्यालयांकडे देऊ आणि त्यांचे उत्तर याच पानावर छापू. उत्तर आले नाही, तर तेही छापू.